डब्यातला एक जून

डालड्याचा रिकामा डबा काखेत मारून पगारे सर नववी ‘ब’च्या वर्गात शिरले, तेव्हा मागच्या बाकावरच्या झुंबरने शेजाऱ्याला हळूच विचारलं, "आज काय, रॉकेल वाटणार का सर?"

सरांचे कान वयाच्या मानाने फार चांगले होते.

"रॉकेल नाही, झुंबर. योगायोग वाटणार आहे. ये पुढे, पहिला तूच काढ."

सावळीराम पगारे सर पंचवटीतल्या या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होते. शाळा पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच आवारात, त्यामुळे सरांनी काही पोरांना नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून पाहिलेलं. नववीच्या पुस्तकात शेवटी संभाव्यतेचा धडा होता. बाकीच्या तुकड्यांना तो एका तासात मिळायचा : नाणं उडवलं, छापा आला, काटा आला, खाली रेघ मारा. सरांना ते जमत नसे. जी गोष्ट पोरांच्या हाताला लागली नाही, ती डोक्याला लागते यावर त्यांचा विश्वासच नव्हता. उंची-अंतराच्या वेळी त्यांनी अख्खा वर्ग उन्हात नेऊन झेंड्याच्या खांबाची सावली मोजायला लावली होती. आणि आता जुन्या उत्तरपत्रिका कापून तीनशे पासष्ट चिठ्ठ्या केल्या होत्या. दर चिठ्ठीवर एक तारीख, एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर.

चिठ्ठ्यांच्या घड्या घालायला घरी त्यांची आई होती. गोजराबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली होती. त्यांनी दोन संध्याकाळी घड्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय हाय रे हे एवढं?"

"वर्षाचे दिवस आहेत, माय."

"एवढे असत्यात?" गोजराबाई म्हणाल्या, आणि ढिगाकडे बघत बसल्या.

घरात दोघंच. सरांची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नांदगावला. चौऱ्याऐंशी सालच्या एकतीस मेला सर निवृत्त होणार होते, कारण एक जूनला त्यांना अठ्ठावन्न पुरी होत होती. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. एवढंच होतं, की ही नववी ‘ब’ त्यांनी आठवीपासून घडवत आणली होती, आणि दहावीला ती दुसऱ्याच्या हातात जाणार होती. एक वर्ष आणखी मिळालं असतं, तर तेवढी पोरं बाहेर काढून मग खुशाल घरी बसले असते. हे ते कोणाला बोलले नव्हते. पण तोंडाने बोललं नाही म्हणजे वर्गाला कळत नाही, असं थोडंच असतं.

"किती माणसं जमवली म्हणजे त्यातल्या दोघांचा वाढदिवस एका दिवशी येईल?" सरांनी विचारलं.

"तीनशे पासष्ट तरी लागतील, सर."

"तीनशे सहासष्ट," पहिल्या बाकावरची चांगुणा म्हणाली. तिचे वडील भिकन रिक्षा चालवायचे, आणि मीटरच्या आधी पोरीचा हिशेब होतो असं स्टँडवर सगळ्यांना सांगायचे. "तीनशे सहासष्ट असले म्हणजे खात्रीच."

"खात्री नको. खात्रीला गणित लागत नाही. शक्यता सांग."

मग प्रयोग सुरू झाला. वर्गात शेहेचाळीस पोरं. एकेकाने यायचं, चिठ्ठी काढायची, फळ्यावर तारीख लिहायची, चिठ्ठी परत घडी करून डब्यात टाकायची आणि डबा हलवायचा. चार दिवसांत आठ फेऱ्या झाल्या. त्यातल्या सात फेऱ्यांत कुठली ना कुठली तारीख दोनदा आली. एका फेरीत आली नाही, आणि सरांना त्या एका फेरीचाच जास्त आनंद झाला. "आठच्या आठ वेळा आली असती तर तुम्हाला वाटलं असतं हा नियम आहे," ते म्हणाले. "जास्त शक्यता म्हणजे खात्री नाही. लिहून घ्या." त्यांनी ते फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, आणि पोरांनी वहीत लिहून घेतलं.

इथेच थांबले असते तर काही झालं नसतं. पण धडा गोड लागत होता, तास संपायला वीस मिनिटं होती, आणि सर म्हणाले, "चला, चिठ्ठ्या झाल्या. आता आपल्या वर्गाच्याच जन्मतारखा बघू. झुंबर, तुझी?"

"एक जून."

"पुढचा?"

"एक जून, सर."

प्रयोग दुसऱ्या पोरालाच संपला. तरी सरांनी खडू खाली ठेवला नाही. तिसरा म्हणाला तीन मार्च, चौथी म्हणाली एक जून, पाचवा म्हणाला एक जून. सरांचा हात संथपणे रेघा मारत राहिला. शेहेचाळीस पोरांतली एकोणीस एक जूनला जन्मलेली निघाली.

ही गोष्ट सरांना ठाऊक नव्हती असं नाही. तीस वर्षं त्यांनी हजेरीपटात तेच वाचलं होतं. पण एखादी गोष्ट रोज दिसते म्हणूनच दिसत नाही, तसं झालं होतं. ती गणितात कधी शिरलीच नव्हती. आज शिरली, आणि ऐन तासात.

चांगुणाने हात वर केला. तिची स्वतःचीही एक जूनच होती.

"सर, आपल्या डब्यात एक जूनची चिठ्ठी एकच होती ना?"

"एकच."

"मग अशा एकोणीस यायची शक्यता किती?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, खाली बस. सरांनी एक लिहिला, खाली रेघ मारली आणि छेदात तीनशे पासष्ट गुणिले तीनशे पासष्ट लिहीत निघाले. फळा संपला. "पुढे असंच समजा," म्हणून त्यांनी खडू दाराच्या चौकटीकडे रोखला. "नेमकं उत्तर याहून जरा वेगळं येईल. पण साधारण, नाहीच असं समजा."

"नाही, पण झालंय तर," झुंबर म्हणाला.

"इतकी कमी शक्यता असलेली गोष्ट घडली, तर चमत्कार म्हणून हात जोडायचे नाहीत. आधी डबा तपासायचा." सरांना स्वतःचंच वाक्य आवडलं. त्यांनी तेही फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं. "आपण धरून चाललो की सगळे दिवस सारखे. ते चुकलं. आपल्या वर्गासारखा डबा करायचा, तर एक जूनच्या चिठ्ठ्या किती टाकाव्या लागतील?"

चांगुणाने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार-भागाकार केला. "दोनशे छप्पन्न, सर."

"दोनशे छप्पन्न," सर म्हणाले. मग बेल झाली, आणि बेलेच्या आवाजात त्यांनी तो गृहपाठ दिला. "ज्यांची एक जून आहे, त्यांनी घरी आईला खरी तारीख विचारून या."

दुसऱ्या दिवशी तारखा आल्या नाहीत. आया आल्या.

शाळेच्या ओट्यावर अकरा जणी बसल्या होत्या, आणि पुढे झुंबरची आई बायडाबाई भाजीची पाटी शेजारी ठेवून उभी होती. पंचवटीच्या बाजारातला तिचा धंदा तिने शेजारणीवर टाकला होता, म्हणजे गोष्ट साधी नव्हती. पोराने घरी नेमकं काय सांगितलं होतं देव जाणे, पण वस्तीत संध्याकाळपर्यंत असं पसरलं होतं, की ज्यांच्या तारखा खोट्या त्यांची नावं कापणार.

"मास्तर," बायडाबाई म्हणाली, "माझ्या पोराचं नाव कापायचं नाय. तारीख चुकली आसंल, तर ती आमच्याकडून चुकली नाय. आम्ही पूर सांगितला व्हता."

"पूर?"

"मोठा पूर आला नव्हता का गोदेला, त्या दिशी झाला हा. पाणी आमच्या वट्ट्याला लागलं व्हतं. सुईण कमरेएवढ्या पाण्यातनं आली. ही बाय साक्षीला हाय, इचारा."

शेजारची बाई साक्षीला होतीच. तिचं पोरगं पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी झालेलं. तिसरीचं सासू गेली त्याच्या आदल्या दिवशी. चांगुणाची आई म्हणाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अजून बैलांच्या शिंगांचा रंग गेला नव्हता. सर वही काढून लिहायला लागले. इतका चांगला गृहपाठ त्यांना तीस वर्षांत मिळाला नव्हता.

"आन हे सगळं तव्हाच सांगितलं व्हतं," बायडाबाई म्हणाली. "लिवणाऱ्यानं नाय लिवलं त्याला आम्ही काय करणार?"

"लिहिणारे कोण?"

बायडाबाईने बोट केलं. कचेरीच्या खिडकीत हेडक्लार्क भिमाजी भाऊसाहेब चहाची बशी ओठाला लावून बसले होते. ती बशी तशीच राहिली.

मुख्याध्यापिका मंगलाबाई आहेर यांनी दोघांना आत बोलावलं. मंगलाबाई शांत बाई. त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. त्या फक्त टेबलावरचा पेपरवेट या बाजूचा त्या बाजूला ठेवायच्या, आणि समोरच्याला घाम फुटायचा.

"भाऊसाहेब, एकोणीस पोरं एका दिवशी कशी जन्मली?"

"बाई, शाळा उघडायचा दिवस डोळ्यांपुढं आणा," भाऊसाहेब म्हणाले. "दारात सत्तर बाया. विचारलं, जन्मतारीख? एक म्हणते पोळा झाल्यावर. एक म्हणते पूर आला तेव्हा. रकाना केवढा? बोटाएवढा. त्यात पूर कसा लिहू?"

"पण एक जूनच का?"

"शाळा उघडायच्या आत पोराला सहा पुरी पाहिजेत. एक जून लिहिलं की पुरी. माझ्या आधीचे भाऊसाहेब तेच लिहायचे. त्यांनी माझीही तीच लिहिली." त्यांनी सरांकडे पाहिलं. "आणि सर, तुमची तरी कुठं वेगळी आहे? आज उगाच आमच्यावर..."

पेपरवेट मधोमध थांबला.

"नावं कोणाची कापणार नाही, हे बाहेर जाऊन सांगा," मंगलाबाई म्हणाल्या. "आणि सर, धडा संपवा आता."

धडा संपला नाही, कारण कचेरीच्या खिडकीखाली चांगुणा उभी होती. तिने दोन दिवस काही बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी तास सुरू झाल्या झाल्या ती उठली.

"सर, एकोणीस आयांची उत्तरं आली. सोळाजण एक जूनच्या नंतर जन्मलेत, तिघं आधी. म्हणजे शाळेने सोळांचं वय आहे त्याहून जास्त लिहिलंय."

"बरोबर."

"तुमचीपण एक जूनच आहे."

मागच्या बाकांवरची पोरंही पुढे सरकून बसली. ते सरकणं सरांना ओळखीचं होतं. पोरांनी आपापसांत काहीतरी ठरवलं असलं की असं व्हायचं.

"म्हणजे तुमचंही जास्तच लिहिलं असणार," चांगुणा म्हणाली. "एकोणिसातून सोळा वेळा. मग तुम्ही मेमध्ये रिटायर व्हायचं काय कारण?"

झुंबरने डबा पुढे आणून ठेवला. त्यात आता एकोणीसच चिठ्ठ्या होत्या. सोळांवर ‘सर धाकटे’ आणि तिघांवर ‘सर थोरले’. पोरांनी वीसदा काढून बघितलं. सतरा वेळा सर धाकटे निघाले, आणि दर वेळी वर्गात समाधानाची कुजबुज झाली. सर खिडकीशी उभे होते. जास्त शक्यता म्हणजे खात्री नाही, हे त्यांचंच अक्षर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आठवडाभर पुसायचं राहिलं होतं. पण शिक्षकाची पाठ बहुतेक वेळा फळ्याकडेच असते.

मधल्या सुट्टीत ते कचेरीत गेले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊसाहेब, समजा एखाद्याची खरी तारीख निघाली..."

"शेवटच्या वर्षी बदलत नाहीत, सर. नियमच नाही."

"हो, नाहीच."

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, पण बशीत थोडा चहा ओतून पुढे सरकवला. "पुरावा आणा. मी कागद वर सरकवतो. सहामाहीपर्यंत लांबलं तरी पुष्कळ. पुढचं पुढं."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चांगुणा आणि झुंबर सरांबरोबर त्यांच्या घरी आले. गोजराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. चांगुणाने वहीत तीन रकाने आखूनच आणले होते : महिना, साल, साक्षीदार.

"आजी, सर कधी झाले?"

"कोण सर?"

"हे."

"सावळ्या व्हय?" गोजराबाईंनी सुपातला खडा वेचून टाकला. "पाऊस लागून गेला व्हता. बाजरी निसवली व्हती. मी निंदायला गेले नाय त्या दिवशी म्हणून मालकीण वराडली व्हती."

"बाजरी ऑगस्टात निसवते, तेव्हा कणसं बाहेर पडतात," झुंबर म्हणाला आणि सरांकडे बघून हसला. सरही हसले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, पण हसू राहून गेलं. जूननंतर ऑगस्ट. सर धाकटे.

"झालं तर मग," सर म्हणाले. "महिना लागला. चहा घ्या पोरांनो."

"साल राहिलं, सर. रकाना मोकळा ठेवायचा नाही, तुम्हीच सांगितलंय." चांगुणाने पेन्सिल ओली केली. "आजी, साल कोणतं?"

"साल कोण ध्यानात ठेवतं, बाई? त्याला सत्याग्रहाला घेऊन गेले व्हते एवढं ठावं हाय."

"कोणत्या?"

"कोणत्या म्हंजे? काळारामाच्या. पयल्याच दिवशी. एवढी माणसं, एवढी माणसं, गल्लीत मुंगी शिरंना."

"तीस साल," सर हळूच म्हणाले. ते साल त्या घरात पाठ करावं लागत नसे. "माय, तेव्हा मी कडेवर असेन तुझ्या. पावणेचार वर्षांचा."

"कडेवर कशाचा? चांगला माझ्या पुढं पळत व्हतास. घोषणा देत व्हतास सगळ्यांच्या वरचढ." गोजराबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांचा सगळा चेहरा त्या दिवसात गेला. "पण पुढचे दोन दात नव्हते त्याला. शब्द बाहेर यायच्या आधी नुसती हवाच यायची. आमच्या शेजारची कुसाबाई व्हती संगं, ती म्हणली, गोजरे, तुझं पोरगं घोषणा देतंय का दिवा इझवतंय?"

झुंबर पोट धरून हसला. सरही हसले, ही गोष्ट त्यांनी पूर्वी कधी ऐकली नव्हती. चांगुणा हसली नाही. तिची पेन्सिल थांबली होती.

"आजी, दात पडले होते की यायचेच होते?"

"पडले व्हते. एक तर मीच वढला, दोरा बांधून."

"सर," चांगुणा अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. शास्त्राच्या पुस्तकात आहे."

एक चिमणी सुपातले तांदूळ टिपायला आली, तिला कोणी हाकललं नाही.

"पावणेचार वर्षांच्या पोराचे दोन दात पडायची शक्यता..."

"बास, चांगुणा."

"म्हणजे ती तेवीस सालची बाजरी," चांगुणाने हिशेब पुरा केलाच. अर्धा सोडायला सरांनी तिला शिकवलंच नव्हतं. "सर, तुम्ही अडीच वर्षांपूर्वीच रिटायर झालात."

झुंबरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग आम्हाला आठवीपासून कोण शिकवतंय?"

सर आईकडे वळले. "माय, शाळेत तर मी सहाचा लागलो. दाखल्यावर आहे."

"लागलास नव्हं. लिवलं तसं." गोजराबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "तीन वर्षं ओट्यावर बसवला त्यांनी तुला. आतलं ऐकायचं, बाहेर बसायचं. पटात नाव नाय. मग नवीन मास्तर आला, तो म्हणला लिवतो नाव, पण एवढा घोडा पयलीत दाखवू कसा? सहाचा लिवतो. मी म्हणलं, दोनाचा लिवा, पण आत घ्या." त्यांनी आणखी एक खडा काढला. "तव्हा तीन वर्षं घेतली, ती आता शेवटाला दिली. बरं झालं की. ह्या पोरांना तू घावलास."

सर आत जाऊन चहा ठेवून आले, आणि साखर टाकायला विसरले. पोरांनी तो चहा तसाच प्यायला.

सोमवारी सर थेट मंगलाबाईंच्या खोलीत गेले. वही उघडून त्यांनी सगळं सांगितलं, बाजरीपासून दातापर्यंत. असलं पोटात ठेवून वर्गात उभं राहणं त्यांना जमलं नसतं. भाऊसाहेब दाराशी येऊन उभे राहिले.

मंगलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुरावा काय, सर?"

"दात."

"कुठे आहेत?"

"पडले."

"मग पुरावा नाही." त्यांनी वही मिटून सरांच्या हातात दिली. "भाऊसाहेब, तुमच्याकडे काही नोंद?"

"बाजरी कुठल्या रकान्यात लिहू, बाई?" भाऊसाहेब म्हणाले.

सर उठले नाहीत. "पण बाई, खरं तर मी..."

"सर, माझी जन्मतारीख तुम्हाला माहीत आहे?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पेपरवेटकडे पाहिलं. "एक जून?"

"या शाळेत सतरा माणसं नोकरीला आहेत. त्यातल्या अकरा जणांचे वाढदिवस मी एकाच दिवशी लक्षात ठेवते, सोपं पडतं. तुम्ही एक धागा ओढलात तर अख्खी शाळा उसवेल. एकतीस मेपर्यंत शिकवा. दोन तास जास्त घेतलेत तरी चालेल."

सरांनी दोन नाही, चाळीस तास जास्त घेतले. एप्रिलच्या शेवटच्या तासाला पोरं उठेनात. दहावीला कोणी नवीन सर येणार, ते सिन्नरहून येऊन-जाऊन करणार, एवढं कळलं होतं.

"सर, आम्ही घरी येऊ का?" चांगुणाने विचारलं.

"आठवड्यातून एक दिवस या. म्हातारीला गलका सोसत नाही."

कोणता दिवस, यावर मात्र एकमत होईना. बुधवारी झुंबर आईबरोबर बाजारात. रविवारी चांगुणा वडिलांची रिक्षा धुवायची. कोणाचा शनिवार नामपूरला, आजोळी कांद्याच्या कामात. शेवटी सर म्हणाले, "डबा ठरवेल. सात वारांच्या सात चिठ्ठ्या करा. एक जूनला मी काढीन. जो निघेल तो सगळ्यांनी मान्य करायचा." आणि डबा त्यांनी चांगुणाकडे दिला.

एक जूनला सकाळी सर नेहमीसारखे साडेपाचला उठले, दाढी केली, धुवट शर्ट घातला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जायचं कुठेच नाही. ते ओट्यावर येऊन बसले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गलका ऐकू आला. सव्वीसजण होते; बाकीचे सुट्टीत गावाला गेलेले. त्यातल्या बाराजणांचा आज कागदोपत्री वाढदिवस होता. पेढ्यांचा पुडा होता, आणि बायडाबाईने वाढदिवसाच्या म्हणून पाटीभर काकड्या पाठवल्या होत्या.

पेढे वाटून झाले. चांगुणाने डबा समोर ठेवला. गोजराबाई म्हणाल्या, "आन हिकडं, मी हलवते," आणि डबा मांडीतच धरून हलवला. सरांनी डोळे मिटून हात घातला, चिठ्ठी काढली, उघडली.

"रोज," त्यांनी वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं. "या नावाचा वार माझ्या ऐकण्यात नाही."

"एकदा करून निष्कर्ष काढायचा नाही, सर," चांगुणा खाली मान घालून म्हणाली. "परत काढा."

सरांनी परत काढली. ‘रोज.’ तिसरी काढली. ‘रोज, सकाळी सात.’ हे झुंबरचं अक्षर होतं. त्याचा स हजारांतून ओळखू आला असता.

सरांनी चष्मा नीट बसवला. तीस वर्षांचा आवाज लावला. "इतकी कमी शक्यता असलेली गोष्ट घडली, तर काय करायचं?"

"डबा तपासायचा," सव्वीसजण म्हणाले.

सरांनी डबा ओट्यावर पालथा केला. उरलेल्या चार चिठ्ठ्या पडल्या. एक रोज, दोन रोज, तीन रोज. चौथी उघडली तर तिच्यावर अक्षरच नाही. मधोमध पेन्सिलीचा एक गोल, तोही पुरता मिटलेला नाही.

"ही कोणाची?"

सगळी पोरं गोजराबाईंकडे बघत होती, आणि गोजराबाई काकडी निरखत होत्या.

"माय, तुला तर गलका सोसत नाही."

"मला कुणी इचारलं?" गोजराबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात आता एकही दात नव्हता, तरी शब्द खणखणीत निघाला. "मला लिवता येत नाय. पण त्यात बी तेच हाय. वाच की, मास्तर हायस ना?"

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला, परत लावला. मग ती गोलाची चिठ्ठी उजेडात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

"रोज."